५.९ कमिन्सच्या मॅन्युअल रॅममध्ये टॉर्क वाढवल्यावर कोणता क्लच बसवावा?

घाटवाट (डेन्व्हर, कोलोरॅडो) – प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २००६ सालचा डॉज रॅम २५०० हा पिकअप ट्रक आहे. त्यात ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे कॉमन-रेल कमिन्स इंजिन, जी-५६ हा सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, फोर-व्हील ड्राइव्ह आणि ३.७३ गुणोत्तराचा एक्सल आहे. कारखान्यातून आले तेव्हा हे इंजिन ३२५ हॉर्सपॉवर आणि ६१० पौंड-फूट टॉर्क देत होते. गेल्या वर्षी इंजिनच्या संगणकात नवे ट्यून भरून घेतले आणि त्यानंतर डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) चाकांपाशी ३९० हॉर्सपॉवर आणि ८८० पौंड-फूट असे आकडे मिळाले. क्लच मात्र अजूनही मूळचाच, ड्युअल-मास फ्लायव्हीलसह (इंजिनाच्या टोकाला असलेल्या, दोन भागांच्या जड चाकासह) आलेला आहे.

माझा जमीन सपाटीकरणाचा लहान व्यवसाय असल्यामुळे स्किड स्टीअर (माती उचलणारे छोटे यंत्र) लादलेला गूजनेक ट्रेलर (ट्रकच्या हौद्यात जोडला जाणारा) ओढणे हे या ट्रकचे मुख्य काम आहे. ट्रेलरचे वजन यंत्रासह सुमारे ६,००० किलो भरते आणि ट्रक धरून एकूण ओझे ९,२०० किलोच्या आसपास जाते. आय-७० महामार्गाने पश्चिमेकडे आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,४०० मीटर उंचीपर्यंत, वारंवार चढावे लागते आणि त्या वाटेवर सहा-सात टक्क्यांचे लांबच लांब चढ आहेत.

अडचण अशी आहे की सहाव्या गिअरमध्ये १,७०० आरपीएमच्या आसपास पाय दाबला की आरपीएमचा काटा एकदम तीनशे-चारशेने वर उडी घेतो, वेग मात्र आहे तेवढाच राहतो, आणि थोड्या वेळाने जळका वास येऊ लागतो. पाचव्या गिअरमध्येही ओझे असताना असे होते. याखेरीज इंजिन बंद करताना खालून खडखडाट आणि एक ठोका ऐकू येतो, जो पूर्वी येत नव्हता.

गॅरेजांमधून मला तीन पर्याय सुचवले गेले आहेत. पहिला, एका बाजूला ऑरगॅनिक (तंतू आणि राळेचे) आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अस्तर असलेली एकच डिस्क आणि सोबत घन (एकसंध) फ्लायव्हील. दुसरा, ऑरगॅनिक अस्तराचा दुहेरी डिस्कचा क्लच. आणि तिसरा, सिरॅमिक अस्तराचा दुहेरी डिस्कचा क्लच. मूळ पद्धतीचे ड्युअल-मास फ्लायव्हील पुन्हा बसवायला कोणीच तयार नाही. हा ट्रक माझी पत्नीही चालवते, त्यामुळे पेडल इतके कडक होऊ नये की शहरातल्या गर्दीत पायाला गोळे यावेत.

ट्रक विकून ऑटोमॅटिक घ्यावा हा सल्ला कृपया देऊ नये. जनरल मोटर्सने ड्युरामॅक्ससोबतचा मॅन्युअल २००६ नंतर बंद केला, फोर्डने सुपर ड्युटीतला २०१० नंतर आणि रॅमनेही २०१८ नंतर तो देणे थांबवले. अमेरिकेत नवा जड डिझेल पिकअप मॅन्युअल गिअरबॉक्ससह मिळण्याची सोय आता उरलेली नाही. त्यामुळे जो आहे तो नीट राखणे हाच माझा मार्ग आहे, आणि त्यासाठी खर्च करायची माझी तयारी आहे.


फलटणकर (फलटण, सातारा) – उत्तर

तुम्ही सविस्तर माहिती दिल्यामुळे नेमके बोलता येईल. मी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडणीच्या क्षेत्रात काम करते. तुमचे इंजिन ज्या बी-मालिकेतले आहे त्याच मालिकेतली ५.९ लिटरची इंजिने टाटा कमिन्सने जमशेदपुरात आपल्याकडच्या मालट्रकांसाठी बनवली, आणि तिथे १८० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या शक्तीवर ती पंचवीस टनांची गाडी ओढत असत. हे अशासाठी सांगते की ओझे ओढण्यासाठी किती शक्ती लागते आणि आपण इंजिनाकडून किती शक्ती काढतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि क्लचचे आयुष्य त्या दोहोंमधल्या अंतरावर अवलंबून असते.

प्रथम आकड्यांविषयी. डायनोने दाखवलेले ८८० पौंड-फूट हे चाकांपाशी मोजलेले आहेत. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि एक्सल यांत सुमारे तेरा टक्के खर्ची पडतात असे धरले, तर क्लचला प्रत्यक्षात १,०१० पौंड-फूट, म्हणजे जवळपास १,३७० न्यूटन-मीटर पेलावे लागत आहेत. कारखान्याचा आकडा ८२७ न्यूटन-मीटरचा होता. क्लच निवडताना डायनोचा आकडा जसाच्या तसा धरला जातो आणि मग महागडा क्लचही घसरतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टी ठरवतात: अस्तराचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा (डिस्कला दाबून धरणाऱ्या तबकडीचा) दाब, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या आणि डिस्कची सरासरी त्रिज्या. या चारही संख्यांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. डिस्कचा बाहेरचा व्यास ३३० मिलिमीटर आणि आतला २०० मिलिमीटर धरला, तर सरासरी त्रिज्या सुमारे १३२ मिलिमीटर येते. ऑरगॅनिक अस्तराचा घर्षणांक ०.३ धरून आणि वीस टक्के राखीव ठेवून हिशेब केला, तर मूळच्या ८२७ न्यूटन-मीटरसाठी सुमारे १२,५०० न्यूटन, म्हणजे पावणेतेराशे किलोंच्या वजनाएवढा दाब लागतो. तुमच्या १,३७० साठी त्याच डिस्कवर २०,७०० न्यूटन लागतील. एका बाजूला सिरॅमिक घेऊन सरासरी घर्षणांक ०.३५ वर नेला, तर १७,७०० न्यूटन पुरतात. दुहेरी डिस्क घेतली की घासणारे पृष्ठभाग दोनाचे चार होतात आणि ऑरगॅनिक अस्तरावरसुद्धा १०,३५० न्यूटन, म्हणजे मूळच्यापेक्षाही कमी दाब पुरतो. प्रत्यक्ष क्लचची मापे थोडी वेगळी असतील, परंतु या आकड्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलणार नाही. पेडल किती कडक होणार याचा अंदाज तुम्हाला याच प्रमाणावरून येईल, कारण दाब वाढला की तो सोडवण्यासाठी लागणारे बळही जवळपास त्याच हिशेबाने वाढते.

दाबाची दुसरी बाजू पायाइतकी चटकन जाणवत नाही, पण ती अधिक महत्त्वाची आहे. पेडल दाबले की तो भार रिलीज बेअरिंगमार्फत क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि इंजिनातल्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. फार जड प्रेशर प्लेट बसवून सिग्नलवर पेडल दाबून उभे राहण्याची सवय असेल, तर ते बेअरिंग झिजते आणि मग प्रश्न क्लचचा न राहता संपूर्ण इंजिन उघडण्याचा होतो. म्हणून केवळ दाब वाढवून टॉर्क पेलणाऱ्या एकेरी डिस्कच्या क्लचविषयी मी नेहमी सावध असते.

आता ज्याकडे तुमचे सर्वांत आधी लक्ष जावे असे मला वाटते, ते ट्यून. क्लचला हॉर्सपॉवर समजत नाही, त्याला फक्त टॉर्क समजतो. इंजिनापाशी ४०० हॉर्सपॉवर २,८०० आरपीएमला काढले तर क्लचवर सुमारे १,०२० न्यूटन-मीटर येतात. तेच ४०० हॉर्सपॉवर १,८०० आरपीएमला काढले तर १,५८० येतात. शक्ती तीच, क्लचवरचा भार मात्र दीडपट. तुमच्या ट्यूनमध्ये खालच्या आरपीएमला भरमसाट इंधन सोडलेले आहे, त्यामुळे १,७०० च्या आसपास क्लच घसरतो. ट्यून करणाऱ्याला सांगून टॉर्क १,१०० न्यूटन-मीटरवर सपाट करून घेतला आणि तो २,८०० आरपीएमपर्यंत तसाच टिकवला, तर त्या ठिकाणी इंजिनापाशी सुमारे ४३० हॉर्सपॉवर मिळतात. सध्याच्या चाकांवरच्या ३९० चे इंजिनापाशी ४५० च्या जवळपास होतात; म्हणजे तुमचे फक्त वीसेक हॉर्सपॉवर कमी होतील. त्याच्या बदल्यात ऑरगॅनिक-सिरॅमिक एकेरी डिस्कला लागणारा दाब १७,७०० वरून १४,२०० न्यूटनवर येईल, जो मूळच्यापेक्षा चौदा टक्केच अधिक आहे. माझ्या मते तुमच्या कामासाठी योग्य उत्तर हेच आहे: ट्यून सुधारून पहिला पर्याय.

तुम्हाला ती शक्ती खरोखर लागते का, हेही पाहू. सात टक्क्यांच्या चढावर ९,२०० किलो ताशी ८० किलोमीटरने ओढायचे, तर चढाचा, टायरांचा आणि हवेचा विरोध मिळून ८,००० न्यूटनच्या थोडा वर जातो. त्यासाठी चाकांपाशी सुमारे १८० किलोवॉट आणि इंजिनापाशी सुमारे २०० किलोवॉट, म्हणजे २७० हॉर्सपॉवर लागतात. हीच शक्ती सहाव्या गिअरमध्ये १,६०० आरपीएमला काढली तर क्लचवर सुमारे १,२०० न्यूटन-मीटर येतात, पाचव्यात २,०३० आरपीएमला ९४०, आणि चौथ्यात २,८०० आरपीएमला केवळ ६८०. चढ तोच, वेग तोच, ट्रेलर तोच. चौथ्या गिअरमध्ये चढलात तर मूळचा क्लचसुद्धा तो भार पेलू शकतो. आज क्लचची अवस्था वाईट असेल तर त्याला बदलावेच लागेल, पण नवा क्लच किती वर्षे टिकेल हे घाटात तुमचा हात गिअरच्या दांड्यावर वेळेत जातो की नाही यावर ठरेल.


उत्तरवारा (आल्बर्टा, कॅनडा) – उत्तर

फलटणकर यांचा हिशेब मला पटतो, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्याकडे २००७ सालचा ५.९ चाच रॅम ३५०० असून तो तेलक्षेत्रात सामान ओढतो, आणि मी त्यात ऑरगॅनिक अस्तराचा दुहेरी डिस्कचा क्लच वापरतो. माझा मुद्दा उष्णतेचा आहे. घर्षणाचे पृष्ठभाग दुप्पट झाले की प्रत्येक पृष्ठभागाला निम्मीच उष्णता झेलावी लागते, आणि मधल्या लोखंडी प्लेटमुळे उष्णता शोषून घेणारे वस्तुमानही वाढते. जो माणूस ओझे घेऊन वारंवार चढावर थांबतो आणि निघतो, त्याला ही राखीव क्षमता उपयोगी पडते. एकेरी डिस्कवरचे ऑरगॅनिक अस्तर एकदा तापून काचेसारखे गुळगुळीत झाले की त्याची पकड परत येत नाही.

दुहेरी डिस्कचे दोष मात्र आधीच समजून घ्यावेत. पेडल दाबल्यावर मधली प्लेट सैल होऊन खुळखुळते, आणि हा आवाज बिघाडाचा नसतो. दोन डिस्कांचे वजन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर फिरत असल्यामुळे गिअर बदलताना सिंक्रोनायझरला (गिअरांचे वेग जुळवणाऱ्या भागाला) अधिक वस्तुमान थांबवावे किंवा पळवावे लागते. गिअर घाईने टाकले तर ते कुरकुरतात आणि सिंक्रोनायझरची कडी झिजते. कडाक्याच्या थंडीत, गिअरबॉक्समधले तेल दाट असताना, पहिले काही किलोमीटर तर हे फारच जाणवते. ज्याला सावकाश गिअर बदलण्याची सवय आहे त्याला त्रास होत नाही.

सिरॅमिक अस्तराची दुहेरी डिस्क, म्हणजे तुमचा तिसरा पर्याय, ओझे ओढणाऱ्याने घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो क्लच एक तर सुटलेला असतो किंवा पकडलेला असतो, मधली अवस्था जवळपास नसतेच. ट्रेलर इंचाइंचाने मागे नेताना संपूर्ण गाडी थरथरते आणि ते धक्के युनिव्हर्सल जॉइंटपासून ट्रेलरच्या हुकापर्यंत सगळीकडे जातात. ट्रॅक्टर-पुलच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी तो ठीक आहे. तुमच्या पत्नीलाही शहरात असा ट्रक चालवणे आवडणार नाही.

ट्यून मर्यादित करण्याच्या सल्ल्याला माझाही पाठिंबा आहे. एवढेच म्हणतो की पुढे कधीतरी इंजेक्टर किंवा टर्बो बदलण्याचा विचार मनात असेल, तर गिअरबॉक्स दोनदा उतरवण्यापेक्षा आत्ताच दुहेरी डिस्क घ्यावी. तसा विचार नसेल तर एकेरी डिस्क स्वस्त पडेल आणि गिअरही अधिक मऊ पडतील, हे मी मान्य करतो.


गॅरेज-ह्यूस्टन (टेक्सास) – उत्तर

मी डिझेल पिकअपांचेच काम करतो, म्हणून डिस्कच्या निवडीपेक्षा फ्लायव्हीलविषयी आणि बसवण्याविषयी लिहितो.

इंजिन बंद करताना येणारा ठोका आणि खडखडाट हे ड्युअल-मास फ्लायव्हील संपत आल्याचे लक्षण आहे. या फ्लायव्हीलचे दोन भाग असतात आणि त्यांच्यामध्ये वाकलेल्या लांब स्प्रिंगा ग्रीसमध्ये बसवलेल्या असतात. सहा सिलिंडरांचे इंजिन दर फेरीला तीनदा पेट घेते, म्हणजे ७५० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला सदतीस-अडतीस धक्के आणि १,२०० ला साठ धक्के बसतात. हे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू न देणे हे त्या स्प्रिंगांचे काम असते. टॉर्क वाढवून खालच्या आरपीएमला ओझे ओढले की स्प्रिंगा पूर्ण दाबून लोखंडावर लोखंड आपटते आणि मग त्या थकतात. त्यामुळे तुमच्याकडची गॅरेजे तेच फ्लायव्हील पुन्हा बसवायला नाही म्हणतात, यात त्यांचे चुकत नाही.

परंतु घन फ्लायव्हील बसवल्यावर काय होते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले पाहिजे आणि ते अनेकदा सांगितले जात नाही. जी-५६ न्यूट्रलमध्ये उभा असताना, पेडल सोडलेले असेल तर, त्यातून दगड घोळवल्यासारखा आवाज येईल. पेडल दाबले की तो थांबेल. इंजिनचे धक्के आता सरळ गिअरच्या दातांवर जातात आणि भार नसलेले दात एकमेकांवर आपटतात, हे त्याचे कारण. या आवाजाने गिअरबॉक्स तुटत नाही, पण खालच्या आरपीएमला भरलेली गाडी दामटत नेली तर त्याच धक्क्यांचा भार आता शाफ्ट, दात आणि अॅल्युमिनियमच्या खोक्यावर येतो. म्हणून घन फ्लायव्हील लावल्यावर ओझे असताना १,५०० आरपीएमच्या खाली पाय दाबू नये, आणि डिस्क मध्यभागी स्प्रिंगा असलेलीच घ्यावी.

कारखान्यातून या गिअरबॉक्समध्ये एटीएफ-प्लस-४ हे पातळ तेल भरलेले असते. घन फ्लायव्हीलनंतर त्याऐवजी दाट तेल वापरल्यास आवाज बराच कमी होतो, म्हणून अनेक जण तसे करतात. तुमच्याकडे हिवाळा कडक असतो, तेव्हा फार दाट तेल भरू नये. क्लच बनवणाऱ्याने आणि गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्याने दोघांनी मान्य केलेले तेलच घ्यावे.

गिअरबॉक्स खाली उतरलेला असताना पुढील कामे त्याच वेळी करून घ्यावीत, कारण मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचाच असतो. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील बदलावे. तेथून तेल गळून अस्तरावर आले तर कितीही भारी क्लच असला तरी तो घसरणार. पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, फोर्क आणि त्याचा टेकू नवे घ्यावेत. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे वापरावेत आणि टॉर्क रेंचने आडव्या-उभ्या क्रमाने आवळावेत. क्रँकशाफ्ट पुढे-मागे किती सरकतो ते डायल गेजने मोजून लिहून ठेवावे, म्हणजे पुढे थ्रस्ट बेअरिंगची शंका आली तर तुलना करता येते. नव्या फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावा. माझ्याकडे आलेल्या थरथरणाऱ्या नव्या क्लचांपैकी बरेच या एका कारणाने थरथरत होते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. गिअरबॉक्स चढवताना तो ट्रान्समिशन जॅकवरच सरळ रेषेत न्यावा. इनपुट शाफ्ट डिस्कच्या हबमध्ये शिरल्यावर जर गिअरबॉक्सचे वजन क्षणभर जरी त्याच्यावर लोंबकळले, तर डिस्कचा हब वाकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण त्यानंतर क्लच कधीच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर होते. मग दोष क्लच बनवणाऱ्याला दिला जातो. ज्या गॅरेजात हे काम द्याल तिथे जॅक आहे का आणि बेल हाउसिंग बोल्टांनी खेचून बसवतात की हाताने सरकवून टेकवतात, हे आधी विचारा.


घाटवाट – पुढील विचारणा

तिघांचेही मनापासून आभार. फलटणकर ताई, चौथ्या गिअरचा तुमचा हिशेब वाचून मी काल रिकाम्या ट्रेलरसह चढावर २,६०० ते २,८०० आरपीएममध्ये गाडी नेऊन पाहिली आणि तेथे क्लच अजिबात घसरला नाही. इंजेक्टर किंवा टर्बो बदलण्याचा माझा विचार नाही. त्यामुळे ट्यून १,१०० न्यूटन-मीटरवर सपाट करून घ्यायचे आणि ऑरगॅनिक-सिरॅमिक एकेरी डिस्क घन फ्लायव्हीलसह बसवायची असे ठरवत आहे. दुहेरी डिस्कविषयी उत्तरवारा यांचे म्हणणे मला पटते, पण माझ्या पत्नीला शहरात रोज गिअर बदलायचे आहेत आणि सिंक्रोनायझरवर अधिक भार टाकण्याची माझी तयारी नाही.

दोन शंका उरल्या आहेत. पेडलखालची हायड्रॉलिक व्यवस्था मूळचीच राहू द्यावी की तीही बदलावी? आणि ट्रेलर चढावर मागे सरकवताना क्लच सर्वांत जास्त तापतो असा माझा अनुभव आहे, कारण एका बांधकामाच्या जागेचा प्रवेशरस्ताच तसा आहे. त्यावर नवा क्लच जपण्याचा काही उपाय आहे का?


गॅरेज-ह्यूस्टन – उत्तर

हायड्रॉलिकविषयी मी सांगतो. या ट्रकमध्ये मास्टर सिलिंडर, नळी आणि स्लेव्ह सिलिंडर हे सगळे तेल भरून आणि हवा काढून एकत्र बंद केलेल्या स्वरूपात येतात. इतक्या वर्षांनी आतली रबरे थकलेली असतात आणि पेडल पूर्ण दाबूनही स्लेव्हचा दांडा हवा तेवढा पुढे येत नाही. नवा क्लच पूर्ण सुटला नाही तर तो डिस्कला सतत घासत राहतो, म्हणून बदलणे योग्य. मात्र क्लच बनवणारी कंपनी आपल्या प्रेशर प्लेटसाठी जी व्यवस्था सुचवते तीच घ्यावी. मोठ्या व्यासाचा स्लेव्ह लावला की पेडल हलके होते, पण त्याच हिशेबाने दांड्याची सरक कमी होते, आणि मोठा मास्टर लावला की सरक वाढते पण पेडल कडक होते. एकाचा मास्टर आणि दुसऱ्याचा स्लेव्ह असे जुळवले तर प्रेशर प्लेटची बोटे गरजेपेक्षा जास्त दाबली जाऊन वाकण्याचा धोका असतो. पेडलला जोडणारी मास्टरची पिन आणि तिची बुशिंगही तपासून घ्यावी. तेथे दोन मिलिमीटरची ढिलाई असेल तर ती खाली कितीतरी पटींनी जाणवते.


फलटणकर – उत्तर

तुमचा निर्णय मला योग्य वाटतो. मागे सरकवण्याच्या प्रश्नाचे उत्तर देते.

उभी गाडी निघताना क्लचमध्ये किती उष्णता तयार होते हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: क्लच पूर्ण पकडला जाईल त्या क्षणी गाडीचा वेग किती असणार आहे. ती उष्णता या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जी-५६ चा पहिला गिअर सुमारे सहाचा आणि दुसरा सुमारे साडेतीनचा आहे, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी उचलली तर पहिल्याच्या जवळपास तिप्पट उष्णता होते. रिकामा ट्रक दुसऱ्यात उचलायला हरकत नाही, पण ट्रेलर जोडलेला असताना नेहमी पहिलाच घ्यावा, आणि या डिझेलला आयडलवरच इतका टॉर्क आहे की पाय न लावता क्लच सावकाश सोडला तरी गाडी उचल घेते.

चढावर मागे सरकवताना चालक रिव्हर्सच्या स्वाभाविक वेगापेक्षा हळू जाऊ पाहतो, म्हणून हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो, आणि तेथे क्लच जळतो. तुमचा ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह असल्यामुळे त्याच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीत) २.७२ गुणोत्तराची लो रेंज आहे. ती लावली की त्याच आरपीएमला गाडीचा वेग २.७२ ने भागला जातो आणि उचल घेतानाची उष्णता सातव्या हिश्शाहून कमी होते. शिवाय गाडी आपसूकच इतकी हळू सरकते की हाफ क्लचची गरज उरत नाही. एकच काळजी घ्यायची: फोर-व्हील लो रेंजमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात, त्यामुळे डांबरावर किंवा काँक्रीटवर स्टिअरिंग फार वळवू नये. तुमच्या बांधकामाच्या जागी मातीचा किंवा खडीचा रस्ता असेल तर चाके थोडी घसरून हा ताण निघून जातो. पक्क्या रस्त्यावर असे काम वारंवार पडणार असेल, तर पुढच्या चाकांना मोकळे सोडता येणारे हब बसवून लो रेंज फक्त मागच्या चाकांवर वापरता येते. काही लोक तेवढ्यासाठीच ते हब बसवतात.

नव्या क्लचला पहिले आठशे किलोमीटर शहरातल्या थांबत-निघत चालवण्याचे द्यावेत आणि त्या काळात ट्रेलर जोडू नये, पूर्ण पायही दाबू नये. महामार्गावर सलग आठशे किलोमीटर धावून हे काम होत नाही, कारण अस्तर फ्लायव्हीलवर बसते ते क्लच सोडण्या-पकडण्यातून, केवळ अंतर कापण्यातून नव्हे. तुमच्या कामाच्या हंगामाचा अंदाज घेऊन, ट्रेलर दोन-तीन आठवडे लागणार नाही अशा वेळी गॅरेजची तारीख घ्यावी. आणि शक्य असेल तर ट्यून क्लच बसवण्याच्या आधीच सपाट करून घ्यावे, म्हणजे नव्या अस्तराला पहिल्या दिवसापासून तोच टॉर्क मिळेल.